नवी जोडगोळी सुरू झाली, जुनी सुटी गोळी कोण बंद करणार?

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

गणपती गेले, चाकरमानी मुंबईला परतले आणि आमच्या गावातल्या बऱ्याच घरांत फळीवर औषधांच्या पिशव्या राहिल्या. आईवडिलांना डॉक्टरांना दाखवायचं, तीन महिन्यांच्या गोळ्या भरून द्यायच्या, हे काम मुलं सुट्टीच्या धावपळीत उरकतात. त्याबद्दल त्यांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. मी देवगड तालुक्यात राहते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून औषध निर्माण अधिकारी म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे या पिशव्या अजून माझ्या पडवीत येतात. "बाई, ह्यातली खयची कधी घ्यायची ता सांगा." यंदा जवळजवळ प्रत्येक पिशवीत बीपीची कॉम्बिनेशनची गोळी, म्हणजे एकाच गोळीत दोन-तीन औषधं असलेली जोडगोळी होती, म्हणून हे पत्र.

आधीच सांगते, या गोळीशी माझं भांडण नाही. एकाच औषधाने बीपी आटोक्यात येत नाही असे लोक पुष्कळ. त्यांना एकाच औषधाचा डोस वाढवत नेण्यापेक्षा वेगवेगळ्या वाटेने काम करणारी दोन औषधं थोड्या मात्रेत दिली, तर गुण जास्त येतो आणि त्रास बहुधा कमी होतो. टेल्मिसार्टन ४० आणि अॅम्लोडिपिन ५ ही आपल्याकडे नेहमी दिसणारी जोडी. अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं, टेल्मिसार्टन त्या आवळणाऱ्या संप्रेरकाला अडवतं. कुणाकुणाला हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोनही जोडून देतात, ते लघवीवाटे मीठपाणी बाहेर काढतं. तीन गोळ्या विसरणारा माणूस एक गोळी सहसा विसरत नाही, हा तर मोठाच फायदा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बीपीच्या अशा जोडगोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. हे मुद्दाम लिहिते, कारण केंद्र सरकारने २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली तेव्हापासून 'मिक्स गोळी म्हणजे बंदीवाली' असं म्हणणारे मला अजून भेटतात. ती बंदी शास्त्रीय आधार नसलेल्या मिश्रणांवर होती, या गोळ्यांवर नव्हे.

घोटाळा होतो तो पिशवीत. आमच्या वाडीतल्या एका आजींचंच उदाहरण घ्या. आरोग्य केंद्रातून त्यांना कित्येक वर्षं अॅम्लोडिपिन ५ मिळत होती, साधी सुटी गोळी. मुलाने मुंबईला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिनची जोडगोळी लिहिली. आजी गावी आल्या आणि दोन्ही घेऊ लागल्या, सकाळी सरकारी, रात्री मुंबईची. म्हणजे अॅम्लोडिपिन ५ ची १० मिलिग्रॅम झाली, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. थोड्या दिवसांनी घोटे सुजले. आमच्याकडे पाय सुजला की घरच्यांना पहिली शंका हत्तीरोगाची, दुसरी किडनीची. बाजारातल्या एका डॉक्टरांनी सूज पाहून लघवीची गोळी दिली. खरं तर घोट्यांना सूज येणं हा अॅम्लोडिपिनचा माहितीतला त्रास आहे, डोस वाढला की तोही वाढतो, आणि ती सूज लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. सूज होती तिथेच राहिली. आजींना मात्र अंथरुणातून उठलं की चक्कर येऊ लागली.

पिशवी पडवीत ओतली तेव्हा तिन्ही पाकिटं शेजारी शेजारी पडली, आणि दोघांवर तेच नाव. पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी उभं करून बीपी पाहिलं, सुटी अॅम्लोडिपिन आणि लघवीची गोळी दोन्ही बंद केल्या. सूज हळूहळू उतरली. आजींचं म्हणणं एवढंच होतं: "डाक्टरान नवी गोळी दिल्यान, पण जुनी बंद कर म्हणान माका कोणी सांगूक नाय." मला यात त्यांची काही चूक दिसत नाही. चिठ्ठीवर नवं औषध लिहिलेलं असतं, बंद करायचं औषध क्वचितच लिहिलेलं असतं. सिंधुदुर्ग हा देशाच्या उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी एक. सरकारी केंद्रातून सुट्या गोळ्या नियमित मिळतात ही चांगलीच गोष्ट. पण खाजगी चिठ्ठी सरकारी केंद्राच्या उपचार कार्डावर चढत नाही आणि कार्ड खाजगी डॉक्टरांच्या टेबलावर जात नाही. दोन्ही औषधांची गाठ पडते ती थेट रोग्याच्या पोटात.

ब्रँडच्या नावामागच्या शेपटांवर लोक जातात. साधारणपणे 'एएम' म्हणजे अॅम्लोडिपिन, 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, 'सीटी' म्हणजे क्लोरथॅलिडोन. पण शेपूट पाहून औषध ठरवू नये, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटकांची नावं असतात तीच वाचावीत. एकाच घटकाचं नाव दोन पाकिटांवर दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारावं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन ही एकाच घराण्यातली भावंडं, रामिप्रिल आणि एनालाप्रिल त्यांच्याच शेजारच्या घरातली. नावं वेगळी म्हणून यातली दोन एकत्र चालतील असं समजू नये. आता अडचण अशी की पाच गोळ्या मागितल्या की दुकानदार कात्री लावतो, आणि नाव किंवा मुदतीची तारीख नेमकी त्याच्याकडे उरलेल्या तुकड्यावर राहते. आपल्या हातात येतो नुसता चंदेरी तुकडा. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो स्कॅन केला की औषधाचं मूळ नाव आणि मुदत कळते. आजींना त्याचा उपयोग नाही, मुंबईतल्या मुलाला आहे. पण तो कोडही कात्रीतून वाचला पाहिजे ना!

आमच्या हवेतली एक खास गोष्ट. टेल्मिसार्टनची गोळी ओल धरते. ती घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढायची असते. इकडे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, आणि सगळ्या गोळ्या सोलून स्टीलच्या डबीत भरायची हौस मात्र घरोघरी. सोमवार-मंगळवार लिहिलेले प्लॅस्टिकचे खणही मुलं प्रेमाने आणून देतात. या गोळीपुरतं तरी पाकीट कापून तुकडा खणात ठेवावा, गोळी उघडी ठेवू नये. गोळी मोडून अर्धी घेण्याचंही तेच. काही जोडगोळ्यांत दोन थर असतात, काहींत औषध दिवसभर हळूहळू सुटावं अशी रचना असते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या मोडू नयेत, कुटू नयेत.

ज्या गोळीत लघवी वाढवणारा घटक आहे ती शक्यतो सकाळी घ्यावी. रात्री घेतली की दोन-तीनदा उठावं लागतं. जुन्या घरांत संडास मागीलदारी, वाटेवर उजेड नाही, आणि देवगडात फुरशासारख्या विषारी सापांना तोटा नाही. त्यात अंथरुणातून एकदम उठल्यावर चक्कर. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडायला एवढं पुरतं. हाच घटक कधीकधी रक्तातलं सोडियम खाली आणतो. म्हातारं माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं, सारखं झोपू लागलं, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका, सोडियम तपासून घ्या.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती अंगदुखीच्या गोळ्यांची. लावणीच्या दिवसांत आणि आंबाकाढणीत कंबर धरली की डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन दुकानातून पेपरमिंटसारखी उचलली जाते. या गोळ्या बीपी वाढवतात आणि बीपीच्या औषधाचा परिणाम कमी करतात. सार्टन घराण्यातलं औषध, लघवीचं औषध आणि वर अंगदुखीची गोळी, असं त्रिकूट जमलं की किडनीवर ताण येतो, आणि अंगातलं पाणी कमी असेल तर किडनी एकदम बसू शकते. पावसाळ्यातला ताप आणि अंगदुखी लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) असू शकते, आणि लेप्टो स्वतःच किडनीवर जातो. तेव्हा ताप आला की आपल्या मनाने अंगदुखीची गोळी नको. आरोग्य केंद्रात जावं, आणि बीपीची कुठली गोळी चालू आहे ते पाकीट दाखवून सांगावं. तोवर ताप आणि दुखण्यापुरती पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. जुलाब-उलट्या लागल्या आणि पोटात काही टिकत नसेल, तर जोडगोळी तशीच चालू ठेवायची की एखाद-दोन दिवस थांबवायची, हे त्याच दिवशी फोन करून विचारावं. सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही फेनिलेफ्रिनसारखा बीपी वाढवणारा घटक बऱ्याचदा असतो.

शहाळ्याबद्दल हमखास विचारतात. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, आणि सार्टन गटातलं औषध शरीरात पोटॅशियम राखून ठेवतं. किडनी ठीक असलेल्या माणसाने अधूनमधून एखादं शहाळं घेतलं तर काही बिघडत नाही. मधुमेह जुना आहे, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं आहे, आणि शिवाय घरात 'लो सोडियम' मीठ सुरू केलं आहे, तर मात्र विचारून घ्या. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस बदलल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम तपासायला हवं. चिठ्ठीवर ही तपासणी नसेल तर आपण विचारावं, डॉक्टर रागवत नाहीत. खारवलेला बांगडा, सुकट, लोणचं, सांडगी मिरची यांच्याबद्दल काय लिहू, रोज ५ ग्रॅमहून कमी मीठ ही शिफारस पेजेबरोबरच्या एका जेवणात संपते.

तरुण सुनांचं बीपी वाढलेलं आता वरचेवर दिसतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रामिप्रिल असलेली कोणतीही गोळी गरोदरपणात चालत नाही, पोटातल्या बाळाला इजा होते. मूल होण्याचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यावं, पाळी चुकली तर त्याच दिवशी गाठावं. आणि कुणीही 'आता नॉर्मल आलंय' म्हणून गोळी सोडू नये. नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच. मेटोप्रोलॉलसारखं औषध असलेली जोडगोळी तर अचानक सोडणं हृदयाला महागात पडू शकतं. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

डॉक्टरांना विनंती, नवं लिहिताना खाली 'जुनी अमुक बंद' एवढं मराठीत लिहा. मेडिकलवाल्यांना विनंती, नावाच्या टोकाला कात्री लावू नका, आणि कागदी पुडीवर नुसतं 'सकाळी १' न लिहिता आत कोणती औषधं आहेत तेही लिहा. चाकरमान्यांनी दिवाळीला याल तेव्हा फळीवरची पिशवी आधी रिकामी करावी, सगळ्या पाकिटांचा फोटो काढावा, आणि पुढच्या वेळी नव्या डॉक्टरांना आईचं वय सांगण्याआधी तो फोटो दाखवावा. आणि संपादक महोदय, आपल्या आरोग्य पुरवणीत लसणाच्या पाकळीने बीपी उतरवण्याचा उपाय दरवर्षी येतो. त्यातला एखादा कोपरा पाकिटावरची नावं कशी वाचायची यासाठी दिलात तर बरं होईल.

पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापायचंच असेल तर मिठाचं आणि लसणाचं कापा, जुनी गोळी बंद करण्याचं आणि अंगदुखीच्या गोळ्यांचं तेवढं ठेवा.

आपली,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग