तबेल्याचा वास पाण्याने जात नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की वस्तीतल्या घोड्यांच्या तबेल्यांबद्दल नागपुरात तक्रारी सुरू होतात. तक्रार खोटी नसते, पण सुचवलेले उपाय ठरलेले असतात: रोज पाणी मारा, चुना टाका, ब्लिचिंग पावडर शिंपडा. या तिन्हींनी काम सुधारण्याऐवजी बिघडते.

नाकाला झोंबणारा वास लिदीचा कमी आणि मुताचा जास्त असतो. मुतातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. ओल आणि ऊब मिळाली की हे काम झपाट्याने होते. वरून विरलेला चुना पडला तर अमोनिया आणखी जोरात सुटतो, शिवाय ओल्या चुन्याने घोड्याची कातडी पोळते. ब्लिचिंग पावडर मुतात मिसळली की क्लोरामाइन तयार होऊन डोळे आणि घसा जळतो. उभ्या माणसाला यातले फारसे कळत नाही. घोडा मात्र मान खाली घालून खातो आणि तिथेच आडवा होतो. ठाण, म्हणजे घोडा बांधायची जागा, स्वच्छ आहे की नाही हे पाहायचे तर उकिडवे बसून अंथरुणाच्या हातभर वर नाक न्यावे. डोळे चुरचुरले तर खाली ओल आहे.

शहरातले बरेच घोडे वरातीचे. आषाढी ते कार्तिकीपर्यंत मुहूर्त नसल्याने ते दिवसभर ठाणावरच उभे असतात. कमाई थांबल्यामुळे मालक पहिला हात आखडतो तो अंथरुणावर, आणि नेमके याच महिन्यांत ते जास्त लागते. घोड्याची रोजची लीद आणि मूत मिळून त्याच्या वजनाच्या साधारण ५ टक्के भरते. म्हणजे ३०० किलोच्या घोड्यामागे १५ किलो, आणि चार घोडे असले की ६०.

सफाई घोडा बाहेर काढूनच करावी, नाहीतर उडालेली धूळ त्याच्याच छातीत जाते. बादली आणि वैरणही आधी हलवावी. लांब दांड्याच्या पंजाने वरची लीद उचलून घमेल्यात घ्यावी, मग कोरडे अंथरूण भिंतीकडे ओढून मधली जागा उघडी करावी. घोड्याचा ओला पट्टा सहसा ठाणाच्या मध्यात सापडतो, घोडीचा मागच्या बाजूला. तो थेट जमिनीपर्यंत खरवडून काढावा. वरून कोरडे तणस टाकून ओल झाकणे ही सगळ्यात महाग पडणारी काटकसर. खरवडलेली जागा तास-दोन तास उघडी ठेवून मगच अंथरूण पसरावे आणि जेवढे काढले तेवढे नवे घालावे. थर चार ते सहा इंच हवा. लीद सकाळ-संध्याकाळ उचलायची, ओला पट्टा रोज काढायचा. धुणे मात्र कडक उन्हाच्या दिवसांतच, कारण श्रावणात धुतलेली फरशी दुसऱ्या दिवशीही ओली असते.

अंथरुणाला धानाचे तणस चालते, पण गंजी पावसात भिजून बुरशी आली असेल तर ते आत नेऊ नये. त्याने घोडा खोकू लागतो. आरा मशीनचा बारीक भुसा स्वस्त असला तरी धुळीचा. त्यापेक्षा सुताराच्या रंध्याचे जाडसर छिलके बरे, मात्र प्लायवूडचा कचरा त्यात नको. सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरणारा चुरा, अंथरू नये. घोडा ते खात बसतो आणि पोटशूळ उठतो.

आपल्याकडच्या काळ्या मातीवर ठाण टिकत नाही. ती फुगते, भेगाळते आणि भेगांत मूत मुरते. ती काढून सहा इंच मुरूम ठोकून बसवावा आणि दहा फुटांमागे दीड-दोन इंच उतार नालीकडे द्यावा. गुळगुळीत फरशी दिसायला छान, पण ओली झाली की घोडा घसरतो.

ओल राहिली की पहिला दणका खुराला बसतो. तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा आकडीने टाचेकडून पुढे रोज साफ कराव्यात. काळा, कुजका वास मारणारा चिकटा निघाला तर खूर सडायला लागला समजावे. दुसरा त्रास चावऱ्या माशीचा. ती मुतात भिजलेल्या तणसात अंडी घालते आणि डांसांप्रमाणेच (हे डास नव्हेत, रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या) सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगाचा प्रसार करू शकते. त्यामुळे ओल्या अंथरुणाचा ढीग तबेल्याच्या दारात आठवडाभरही पडू देऊ नये. लीद हाताळणाऱ्याने धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी, हे बहुतेक मोतद्दारांना, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्यांना, कोणी सांगतच नाही.

राहिला लिदीचा प्रश्न. ती नाल्यात जाते, कारण उचलायला कोणी येत नाही. महापालिकेने बागेच्या कचऱ्यासारखी ती वेगळी उचलली तर बरेच भांडण मिटेल. तीन-चार फूट उंच ढीग रचून, ओलावा राखून दर आठ-दहा दिवसांनी उलथला, तर आतली उष्णता ५५ अंशांच्या वर जाते. जंतांची अंडी आणि माशीच्या अळ्या मरतात. तणस मिसळलेल्या लिदीचे खत तीन-चार महिन्यांत होते, भुशाचे असेल तर जास्त वेळ लागतो. म्हणजे चातुर्मासात रचलेला ढीग काटोल-कळमेश्वरकडे संत्र्याच्या आंबिया बहाराचा ताण तोडण्याच्या, म्हणजे फुलोऱ्यासाठी बंद केलेले पाणी झाडांना पुन्हा देण्याच्या, वेळेपर्यंत तयार होतो, आणि तेव्हा बागाईतदार खत शोधतच असतात.

— एक अश्वपालक, नागपूर