पाळणाघरातल्या ताईंना, दारात सांगायचं राहून गेलेलं

प्रिय ताई,

सकाळी आपली भेट होते ती दारात, जेमतेम दीड मिनिट. त्यातलं एक मिनिट माझ्या गळ्याला पडलेली लेकीची मिठी सोडवण्यात जातं. उरलेल्या अर्ध्या मिनिटात मी पिशवी देतो, ‘रात्री नीट झोपली नाही’ असं काहीतरी पुटपुटतो आणि पळतो. संध्याकाळी सगळं उलटं. तिला तुम्हाला सोडायचं नसतं, बूट घालायचे नसतात, आणि मी एका पायाचा बूट घालेपर्यंत दुसऱ्या पायाचा निघालेला असतो. त्यामुळे जे सांगायचं होतं ते तीन आठवडे राहून गेलंय. त्यात एक कबुलीही आहे. ती समोर उभं राहून देण्याइतका मी धीट नाही, म्हणून लिहितोय. उघडपणे लिहितोय, कारण रात्री दोन वाजता फोनच्या उजेडात ‘लहान मुलांचा ताप’ शोधत बसणारा मी एकटाच नसणार.

तुम्ही तिला ‘बाईसाहेब’ म्हणता, तेच नाव इथेही राहू दे. बाईसाहेब तेव्हा चौदा महिन्यांच्या होत्या. तिची आई कामासाठी चार दिवस बाहेरगावी गेली होती, आणि ‘तू जा निवांत, मी बघतो’ हे मी मोठ्या रुबाबात म्हटलं होतं. ती गेल्याच्या दुसऱ्या दुपारी तुमचा फोन आला. ‘बाबा, अंग तापलंय हिचं. १०२ आहे. या न्यायला, पण धावत येऊ नका, खेळतेय ती.’

मी अर्थातच धावत आलो. आणि आल्या आल्या पहिलं काय विचारलं, तर ‘तुमच्याकडे दुसरं कुणी आजारी आहे का?’ स्वर चौकशीचा नव्हता. ताई, तुम्हाला तो कळला होता हे मला तुमच्या चेहऱ्यावर दिसलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘हो, दोघांना सर्दी आहे.’ आणि माझ्या हातात वहीचं एक फाडलेलं पान ठेवलंत.

ते पान मी अजून ठेवलंय. साडेनऊला दूध, सगळं प्यायली. अकराला लंगोट ओला. बाराला खाणं, दोन घास, मग तोंड फिरवलं. पाऊणला झोपली, दीडला रडत उठली, ताप १०२. दोनला पुन्हा लंगोट ओला. ओळीखाली ओळ. मला वाटलं, हा पाळणाघराचा हिशेब आहे, उद्या काही झालं तर दाखवायला. इतका कोत्या मनाचा मी त्या दुपारी होतो.

निघताना मी दारात घुटमळलो आणि विचारलं, ‘ताप डोक्यात तर नाही ना जाणार?’ आत सात मुलं, त्यातलं एक तुमच्या पदराला लोंबकळत होतं, तरी तुम्ही उत्तर दिलंत. साध्या संसर्गाच्या तापाने मेंदूला इजा होत नाही. काही मुलांना, शंभरात दोन ते पाच जणांना, सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात तापात झटका येतो. आलाच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, आणि घड्याळाकडे बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेला तर अँब्युलन्स. आधी थांबला तरी पहिल्यांदा आलेला झटका डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचा. मी सगळं ऐकलं, आणि लक्षात फक्त ‘झटका’ एवढाच शब्द राहिला. रात्रभर मी तिच्या हातापायांकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. ‘मी डॉक्टर नाही, त्यांना दाखवा’ हेही तुम्हीच बजावलं होतंत. त्यांनी कान, घसा, छाती तपासली. विषाणूचा ताप दिसतोय, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, म्हणाले. पॅरासिटामॉल वजनावरून लिहून दिलं. बाईसाहेब ९ किलो, म्हणून ५ मिली सिरप, गरज पडली तरच, दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास जाऊ देऊन. ताप उतरवायलाच हवा असं नाही, तिला बरं वाटावं म्हणून द्यायचं. झोपली असेल तर उठवू नका. सोपं होतं की नाही? मलाही वाटलं होतं.

त्या रात्री दोनला आकडा १०३.६ झाला. ती रडत होती, नाक चोंदलेलं, मान माझ्या खांद्यावर टाकलेली. मी औषधाच्या कपाटात हात घातला, बाटली काढली, पिचकारी ५ मिलीपर्यंत भरली. आणि मग, का कोण जाणे, तुम्हाला फोन लावला. औषधाबद्दल विचारायला नव्हे. कुणाचा तरी आवाज ऐकायचा होता, आणि तिच्या आईला उठवलं असतं तर ती पहिल्या गाडीत बसली असती.

तुम्ही तिसऱ्या रिंगला उचललात. आकडा सांगितला तर म्हणालात, ‘आकडा राहू द्या. ती कशी आहे?’ तुमच्याकडे बघते का? हो. पाणी घेते का? घोट घोट. शेवटचा लंगोट कधी बदललात? इथे मी गडबडलो. आणि तेव्हा ते पान आठवलं. हिशेब कशासाठी होता ते त्या क्षणी कळलं. आठ तास लंगोट कोरडा, रडताना डोळ्यांत पाणी नाही, जीभ सुकलेली, डोळे खोल गेलेले, हे १०३ पेक्षा जास्त काळजीचं. मी बादलीतले लंगोट मोजले. संध्याकाळपासून तीन. तुम्ही म्हणालात, ‘छान.’ ताई, त्या ‘छान’ने माझे पाय पुन्हा जमिनीला टेकले.

मग सहज विचारल्यासारखं विचारलंत, ‘औषध कुठलं देताय? बाटलीवरचं वाचा बरं मोठ्याने.’

मी वाचलं. प्रत्येक मिलीत १०० मिलिग्रॅम. पलीकडून आवाज आला, ‘बाबा, हात थांबवा.’

हातात होती ती ड्रॉप्सची बाटली, ती पाच महिन्यांची असतानाची. डॉक्टरांनी दिलेल्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० मिलिग्रॅम. माझ्या पिचकारीत त्या क्षणी ५०० होतं, चौपटीहून जास्त. औषध तेच, चित्रसुद्धा जवळजवळ तेच, आणि मी ‘५ मिली’ एवढंच पाठ केलेलं. ड्रॉप्स तान्ह्यांसाठी, म्हणजे सौम्य असणार, असा माझा समज होता. असतं नेमकं उलट. तान्ह्याच्या पोटात जास्त पातळ औषध मावत नाही, म्हणून थेंबाथेंबात जास्त भरलेलं असतं. हे किती जणांना माहीत असेल? मला नव्हतं, आणि मी स्वतःला लेबलं वाचणारा माणूस समजतो.

ती पिचकारी मी मोरीत रिकामी केली. तुम्ही ओरडला नाहीत, ‘अहो काय हे’ म्हणाला नाहीत. ‘जुनी बाटली वेगळी काढून ठेवा, सकाळी बघू’ एवढंच. मग योग्य बाटलीतलं औषध देईपर्यंत फोनवर थांबलात. आणि पुढचं काम लावलंत: ती झोपली की श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. अख्खं मिनिट मोजायचं, पोटाकडे बघून. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. मी लगेच रडतानाच मोजून बघितला, ५२ आला, आणि पुन्हा घाबरून फोन करणार होतो. मग झोपल्यावर मोजला. ३४. पुन्हा मोजला. ३३. तिसऱ्यांदा मोजताना मला झोप लागली.

तिसरा दिवस तसाच. सकाळी उतरायचा, दुपारी चढायचा. ओल्या फडक्याने अंग पुसू का, दोन पांघरुणं घालू का, असे माझे निरोप तुम्हाला जात राहिले, आणि तुमची उत्तरं एकेका शब्दाची: नको. नको. साधे कपडे. पाणी. दरम्यान नातेवाइकांचे फोन सुरू झाले होते. ‘पाळणाघरात ठेवलं की असंच होणार’ हे मी चार वेगवेगळ्या आवाजांत ऐकलं, आणि खरं सांगतो, एकदाही खोडून काढलं नाही. मनातून मीही तेच म्हणत होतो. संध्याकाळी तुम्हीच फोन करून विचारपूस केलीत आणि ठेवता ठेवता म्हणालात, ‘कधी कधी ताप गेला की अंगावर गुलाबी पुरळ येतं. आलं तर धसका घेऊ नका, पण दाखवून घ्या.’

चौथ्या सकाळी अंग गार. मी आनंदाने तिचा सदरा काढला, आणि पोटावर, पाठीवर, मानेपर्यंत बारीक गुलाबी ठिपके. धसका घेतलाच. पण तुम्ही सांगितलेलं केलं: काचेचा स्वच्छ पेला ठिपक्यांवर दाबून धरला. काचेखाली ते फिके झाले. दाबूनही जे पुरळ फिकं होत नाही, ते घेऊन थेट दवाखान्यात पळायचं असतं. आमचं तसं नव्हतं. डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं: रोझिओला. तीन ते पाच दिवस कडक ताप, मूल त्या मानाने बरं, आणि ताप गेल्यावर पुरळ. औषध नाही, एक-दोन दिवसांत आपोआप जातं.

(एक मात्र कुणी सांगितलं नव्हतं. १०३ तापात गुणी असणारं मूल ताप गेल्यावर इतकं किरकिर करतं की तापच बरा होता असं वाटावं. तो दिवस मी घरभर उभ्यानेच काढला.)

त्या रात्री बाईसाहेब झोपल्यावर मी वाचत बसलो, आणि कबुली इथून सुरू होते. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे मुलांचे डॉक्टर जॉन झाहोर्स्की यांनी १९१० साली या आजाराचं वर्णन लिहिलं. पण तो कशामुळे होतो ते कळायला १९८८ उजाडलं. जपानमध्ये कोइची यामानिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यामागे एक विषाणू सापडला, एचएचव्ही-६. तो बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या अंगात लहानपणापासून मुक्काम करून असतो आणि अधूनमधून लाळेतून बाहेर पडतो. ना खोकला, ना शिंक, ना ताप. लहान मुलांना तो बहुतेकदा मिळतो तो घरच्याच धडधाकट मोठ्यांकडून. चमचा आधी स्वतःच्या तोंडात घालून गरम आहे का बघणाऱ्यांकडून. खाली पडलेली चोखणी स्वतः चोखून ‘साफ’ करून परत देणाऱ्यांकडून.

आमच्या घरात ही दोन्ही कामं मी करतो.

तुमच्याकडच्या त्या दोन मुलांना साधी सर्दी होती. संसर्ग झाल्यापासून ताप यायला साधारण नऊ-दहा दिवस लागतात. मी मागे मोजत गेलो, तर ते दिवस नेमके सुट्टीचे, बाईसाहेब अख्खा वेळ माझ्या कडेवर. नक्की कुणाकडून आला हे कुणीच सांगू शकणार नाही. पण त्या दुपारी दारात मी ज्या स्वरात विचारलं, तो स्वर तुम्हाला लावायचं मला काही कारण नव्हतं. तुम्ही तो ऐकलात, समजलात, आणि तरी रात्री दोनला फोन उचललात. आभार त्या फोनचे आहेतच. पण मला सारखी आठवते ती तुमची ‘हो, दोघांना सर्दी आहे’ ही ओळ. ‘नाही, कुणी नाही’ म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं.

त्या स्वराबद्दल माफ करा.

घरी आता एक वही केली आहे. तुमच्या पानासारखीच, फक्त अक्षर वाईट. तिच्या आईने परत आल्यावर ती चाळली आणि विचारलं, ‘हे “श्वास ३४, श्वास ३३” काय आहे?’ पिचकारीची गोष्ट मी तिला त्याच दिवशी सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून कपाट उघडलं आणि सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या. तीन मुदत संपलेल्या निघाल्या.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला वर्षाला सहा-आठ सर्द्या होणं नेहमीचंच असतं, हे तुम्हीच एकदा सांगितलं होतंत. म्हणजे आमच्या अजून बऱ्याच शिल्लक आहेत. कालपासून बाईसाहेबांचं नाक गळतंय. ताप नाही, खाणं नेहमीसारखं, लंगोट मोजलेत. उद्या सकाळी आणतोच, पण सगळं पानावर लिहून देईन, म्हणजे दारातल्या दीड मिनिटात माझं काही राहून जायला नको. पिशवीत जादा कपड्यांचा जोड ठेवलाय. पिवळा मोजा एकच आहे. दुसरा तुमच्याकडे असावा, बहुतेक त्या लाकडी घोड्याच्या मागे.

तुमचा,
बाईसाहेबांचा बाबा