मानेच्या दुखण्याचं कारण इथेच सापडू द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

माननीय महोदय,
सविनय नमस्कार.

मी दापोली तालुक्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. हर्णै, आंजर्ले, केळशी या पट्ट्यातून येणाऱ्या बायकांकडून एक तक्रार वरचेवर ऐकते. "मान धरलीय बाय, सुटतच नाही." कुणाची दोन महिने धरलेली असते, कुणाची कित्येक पावसाळे. बहुतेकींच्या पिशवीत एक्स-रे असतो, गोळ्यांची रिकामी पाकिटं असतात आणि मानेचा पट्टा असतो. दुखतंय कशामुळे, हे मात्र कुणी सांगितलेलं नसतं. त्याबद्दल आपल्याशी थेट बोलावं म्हणून हे खुलं पत्र लिहिते आहे.

हर्णैच्या किनाऱ्यावरचा संध्याकाळचा लिलाव आपण कधीतरी पाहिला असेल. घेतलेली मासळी पाटीत भरायची, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि भुसभुशीत वाळूतून रस्ता गाठायचा. माणसाचं नुसतं डोकंच साडेचार-पाच किलोचं असतं आणि मानेचे सात मणके ते दिवसभर तोलत असतात. त्यावर ही पाटी, तीसुद्धा लग्न होऊन आल्यापासून. चैत्र-वैशाखात आंब्याच्या बागांत झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली लांब काठी) घेतलेले गडी तासन्‌तास मान मागे टाकून वर बघत असतात. वेंगुर्ल्याकडे काजूच्या कारखान्यांत बायका नेमक्या उलट, खाली मान घालून गर सोलत बसतात. जांभ्याचे चिरे, जळणाच्या मोळ्या, विहिरीवरचे हंडे, हे आणखी निराळं. २०२० साली जगभरात सुमारे २० कोटी लोकांना मानदुखी होती असा अंदाज आहे. शहरात तिचा विषय निघाला की संगणक आणि मोबाइल आठवतो. आमच्याकडे आधी डोक्यावरचं ओझं बघावं लागतं.

आज कारण शोधायला सुरुवात होते ती चुकीच्या टोकाने. दुखलं की एक्स-रे, आणि एक्स-रेत "गॅप" दिसली की तोच आजार. पण वय वाढतं तशी मणक्यांची थोडीफार झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसू लागते, दुखणं असो वा नसो. जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १२११ माणसांचे एमआरआय काढले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८७.६ टक्के जणांच्या मणक्यांमधल्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. ही सगळी धडधाकट माणसं होती. त्यामुळे फोटोतली झीज आणि समोरच्या बाईचा त्रास यांचा संबंध आहे की नाही, हे तिची मान हातांनी तपासल्याशिवाय आणि तिचं काम विचारल्याशिवाय कळत नाही. उलट "मणका झिजलाय" एवढंच कानावर पडलं की ती घाबरते, मान हलवायचीच सोडते, पट्टा रात्रंदिवस बांधून ठेवते आणि स्नायू आणखी दुबळे होतात. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने, बरेचदा उपाशीपोटी घेतल्या जातात. त्याने जठराला जखमा होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. हे सगळं मी रोज बघते, म्हणून इतक्या कळकळीने लिहिते आहे.

खरं तर कारणाकडे जाणारी वाट फार महाग नाही. बहुतेकांचं दुखणं स्नायू आणि सांध्यांचं असतं. ते मानेपाशी आणि खांद्यापाशीच राहतं, कामाने वाढतं, विश्रांतीने उतरतं. काहींची नस दबलेली असते. त्यांची कळ दंडातून बोटांपर्यंत जाते, मुंग्या येतात, एखाद्या बोटाची संवेदना कमी होते. आणि थोड्या जणांच्या खुद्द मज्जारज्जूवर दाब आलेला असतो. हा प्रकार सगळ्यांत फसवा, कारण त्यात मान फारशी दुखतेच असं नाही. बोटांची सफाई जाते, चाल अडखळते. यासाठी एक साधी चाचणी आहे. रुग्णाला दहा सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा मूठ उघडझाप करायला सांगायचं. वीसच्या आसपास जमायला हवं. त्याहून बरंच कमी जमलं तर पुढे पाठवायचं. याला यंत्र लागत नाही, फक्त घड्याळ लागतं.

एक बाई मला विसरता येत नाहीत. त्यांना "स्पॉन्डिलायटिस" सांगून बराच काळ मान ताणण्याचे उपचार केले गेले होते. माझ्याकडे आल्या तेव्हा त्या मानेबद्दल बोलल्याच नाहीत. ब्लाऊजची हुकं लागत नाहीत, विळीवर मासा धरता येत नाही, एवढंच सांगत होत्या. मूठ त्यांना जेमतेम सात-आठ वेळा उघडता आली. मज्जारज्जू दबलेला निघाला. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, चाल वाचली, बोटं पूर्वीसारखी झाली नाहीत. या आजाराची शस्त्रक्रिया मुख्यतः पुढचं नुकसान थांबवते, झालेलं नुकसान प्रत्येक वेळी भरून निघत नाही. परदेशातल्या एका अभ्यासातही या आजाराचं निदान व्हायला सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ गेल्याचं दिसलं आहे. इथे तर सरकारी रुग्णालयात एमआरआय कुठे, कधी मिळेल याचाच पत्ता नसतो.

मणक्याचा क्षयरोग हे आणखी एक कारण आपल्या राज्यात नजरेआड करून चालणार नाही. रात्री झोपू न देणारी मानदुखी, संध्याकाळी येणारा बारीक ताप आणि उतरत जाणारं वजन या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर मालिश नको, तपासणी हवी. क्षयाची औषधं सरकार मोफत देतं, मणक्याच्या क्षयात ती वर्षभर किंवा त्याहून अधिक घ्यावी लागतात आणि वेळेत सुरू झाली तर माणूस उभा राहतो. जोराचा ताप आणि ताठ मान म्हणजे मेंदूज्वराची शंका. चालताना किंवा चढ चढताना मानेत, जबड्यात, हातात कळ येऊन घाम फुटला तर आधी ईसीजी.

उरलेल्या बहुसंख्य लोकांना बरं करणारा मुख्य उपचार व्यायाम आहे. हनुवटी आत घेणं, खांद्यांची पाती मागे ओढणं, हाताच्या विरोधाने मान हलकेच ढकलणं, हे सगळं बघून, दुरुस्त करून, कित्येक आठवडे करवून घ्यावं लागतं. सोबत शेक, गरजेपुरती गोळी आणि ओझ्याची वाटणी. दबलेल्या नसेचं दुखणंही बहुतेक वेळा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शस्त्रक्रियेविना उतरतं. पण केळशीच्या बाईला व्यायाम शिकायला वारंवार रत्नागिरी गाठायला सांगितलं तर ती एकदा येईल, फार तर दोनदा. २०२३च्या स्वातंत्र्यदिनापासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ते फार चांगलं झालं. तरी एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस तिच्याच पदरातून जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजना मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी घराला सावरते. मला बोलायचंय ते त्याच्या कितीतरी आधीच्या टप्प्याबद्दल.

म्हणून माझी मुख्य मागणी ही, की किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टचं पद असावं, भरलेलं असावं, आणि त्याने आठवड्यातले ठरलेले दिवस खालच्या आरोग्य केंद्रांत बसावं. आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब, साखर आणि कर्करोगाची तपासणी होतेच. त्यातच मान आणि हातांबद्दल चार प्रश्न आणि ती मुठीची चाचणी घाला. समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला हे शिकवायला एक दुपार पुरे. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. संशय आलेल्या रुग्णाला तिथली एमआरआयची तारीख गावाकडच्या आरोग्य केंद्रातूनच मिळाली पाहिजे, त्याच्या नातेवाइकांना दारोदार फिरावं लागू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या एकट्या खात्याची नाही, पण आपण ती मंत्रिमंडळात मांडू शकता. डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांसाठी या राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला. स्वतः मासळी घेऊन विकणाऱ्या बाईला त्याचा उपयोग नाही, कारण तिला मालकच नाही. तिच्यासाठी बंदरावर वाळूत न रुतणारी ढकलगाडी आणि रस्त्यापर्यंत पक्की वाट हवी. "नूतन झेला" आणि "वैभव विळा" देणारं कोकण कृषी विद्यापीठ इथे दापोलीतच आहे. त्यांना ही गाडी करायला सांगा.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि किनाऱ्यावरच्या बायकांना तेवढीच काय ती थोडी सवड मिळते. पहिली तपासणी शिबिरं त्याच दोन महिन्यांत घ्यावीत. हर्णै आणि केळशीत मी विनामोबदला यायला तयार आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना तसं पत्र आपल्या कार्यालयातून मेअखेरीपर्यंत निघावं, ही विनंती.

आपली नम्र,
दापोली तालुक्यातील एक फिजिओथेरपिस्ट