माझ्या चपला तुझ्या हातात होत्या

नाशिक,
२२ जानेवारी

प्रिय बंड्या,

परवाचा तुझा फोन मी धड घेतला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. तू तिकडून बडोद्याहून "काय मास्टरमाइंड, पेपरात झळकलास की लेका!" म्हणून ओरडत होतास आणि मी "मैदानावर आहे, नंतर बोलू" म्हणत कटवलं. मैदानावर नव्हतो. घरीच होतो, चहा पीत. पण फोनवर बोललो असतो तर मीच ते चेष्टेवारी नेलं असतं, तू हसला असतास आणि विषय तिथेच मिटला असता. म्हणून हे पत्र. दहावीनंतर तुला लिहिलेलं बहुतेक पहिलंच.

थंडी मरणाची आहे. निफाडचे आकडे तू वाचत असशीलच, नाशिकही काही मागे नाही. सकाळी साडेसहाला पोरं मैदानावर येतात तेव्हा तोंडातून वाफा निघतात आणि गवत इतकं ओलं असतं की पहिल्या पाच मिनिटांत बुटांचा लगदा होतो. सतरा वर्षांखालची फुटबॉल टीम आहे. अठरा पोरं. कोणी पंचवटीतलं, कोणी सिडकोतलं, दोघं मखमलाबादहून सायकल मारत येतात. एकाच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तो कधी येईल आणि कधी नाही, याचा भरवसा नसतो.

आता फायनल. हाफटाइमला आपण ०-१ ने मागे होतो. समोरची टीम अंगापिंडानं दांडगी, आणि आमचा सगळा खेळ डावीकडून चाललेला, कारण आमचा चांगला पाय डावीकडे आहे. मी पोरांना गोल बसवलं आणि नेहमीचं सुरू केलं. पास आखूड ठेवा, घाबरू नका, वगैरे. खरं सांगायचं तर मला काही सुचत नव्हतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, त्यांचा डावा बॅक दर थ्रोला कमरेवर हात ठेवतोय. पोटरीत गोळा आलाय त्याच्या. दोनदा खाली वाकून चोळत होता."

बोलणारा होता आमचा सोळा नंबर. अख्ख्या स्पर्धेत हा पोरगा मिळून वीसेक मिनिटं खेळला असेल. अंगानं काडी, बाप मार्केट यार्डात हमाली करतो, स्वतः कमी बोलतो. पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट सांभाळायचं काम त्यानं आपणहून घेतलंय. बाकावर बसून बाकीची पोरं मोबाइलवर नाहीतर गप्पांत असतात. हा एकटा सामना बघत होता. आणि मी, कोच, बॉल बघत होतो.

दुसऱ्या हाफला आम्ही सगळा खेळ उजवीकडे वळवला. ४८व्या मिनिटाला आमचा राइट विंगर त्या बॅकला टाकून पुढे गेला, मागे कट केला, आमच्या नऊ नंबरनं जाळीत घातला. ६६व्या मिनिटाला पुन्हा त्याच बाजूनं. २-१.

सामना संपल्यावर एक तरुण वार्ताहर आला. बिचारा प्रामाणिक होता, वहीत लिहून घेत होता. त्यानं विचारलं, "सर, दुसऱ्या हाफमध्ये काय बदललं?" आणि मी म्हणालो, "मी ठरवलं की आता उजवीकडून खेळायचं. त्यांचा लेफ्ट बॅक दमलाय, हे माझ्या लक्षात आलं होतं."

बंड्या, हे वाक्य माझ्या तोंडातून इतक्या सहज गेलं की मला तेव्हा काही वाटलंही नाही. खोटं बोलतोय असं वाटलं असतं तर जीभ तरी अडखळली असती. सोळा नंबर माझ्यापासून दोन हातांवर उभा होता, हातात क्रेट घेऊन. त्यानं ऐकलं. ऐकून बाटल्या मोजू लागला.

तुला जे कात्रण कोणीतरी पाठवलं, त्यात 'प्रशिक्षकांच्या डावपेचांनी बाजी पलटली' असं आहे ना? ते तसं आलं. पण खरी गंमत पुढे आहे. सोमवारी सकाळी सरावाला तोच पोरगा माझ्यापाशी आला आणि दप्तरातून एक कागद काढून दिला. तीच बातमी. नीट कापून, लॅमिनेट करून आणलेली. म्हणाला, "सर, तुमचं नाव आलंय." टोमणा नव्हता रे. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच आनंद झाला होता.

त्या दिवशी मी सराव अर्धा तास आधीच संपवला.

तुला ठाऊक आहे, पोरांना मी काय काय शिकवत आलोय. अमेरिकेत डीन स्मिथ नावाचे बास्केटबॉलचे मोठे कोच होते, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे. बास्केट केली की पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं, अशी सवय त्यांनी पोरांना लावली होती. ते मी उचललं. आमच्याकडे गोल करणारा आधी पास देणाऱ्याकडे बोट दाखवतो, मग काय नाचायचं ते नाचतो. पहिले दोन महिने फार छान वाटलं. मग त्याचं नाटक झालं. बॉल कुठूनही आलेला असो, बोट दाखवायचंच! एकदा समोरच्या गोलीच्या हातातून बॉल सुटला, आमच्या पोरानं तो आत ढकलला आणि त्या गोलीकडेच बोट दाखवलं. रेफ्रीला हसू आवरेना. तो गोली मात्र रडकुंडीला आला होता.

'हा संपूर्ण संघाचा विजय आहे' या वाक्याचंही तसंच झालंय. सत्काराला पाहुणे आले होते, त्यांनी हे वाक्य तीनदा म्हटलं आणि फोटोच्या वेळी कप स्वतःच्या हातात धरला. चौकात फ्लेक्स लागलाय. त्यात त्यांचा चेहरा माझ्या दारापेक्षा मोठा आणि आमची अठरा पोरं तळाशी ओळीनं, भाजलेल्या शेंगदाण्यांसारखी. सगळ्यांचं श्रेय म्हटलं की कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही, ही त्यातली सोय आहे. मलाही ती सोय आवडायची. सामना संपला की "सगळे छान खेळलात" म्हणायचं आणि गाडीला किक मारायची.

पण सगळे छान खेळलेले नसतात. राइट हाफ अर्धा सामना चालत होता. गोली दोनदा उगाच बाहेर आला. आणि पहिल्या गोलच्या वेळी आमचा आठ नंबर जवळच्या पोस्टकडे असा जीव खाऊन धावला की त्यांचे दोन बॅक त्याच्या मागे गेले, म्हणून नऊ नंबर मोकळा राहिला. आठ नंबरला बॉल मिळाला नाही, मिळणारही नव्हता. अख्ख्या सामन्यात एका खेळाडूच्या पायात बॉल जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो, हे मी पोरांना घोकून घोकून सांगतो. मग उरलेल्या वेळात त्यानं काय केलं, ते बघायचं काम कोणाचं? प्रेक्षक बघणार नाहीत, वार्ताहर बघणार नाही. ते माझंच काम आहे, आणि त्याचेच पैसे मिळतात मला (मिळतात तेव्हा).

नऊ नंबरचंही सांगतो, कारण त्याच्यावर अन्याय नको. दोन्ही गोल त्याचे. बाकीची पोरं त्याला आतून 'हिरो' म्हणून चिडवतात, आणि त्यानं मान खाली घालून "माझं काही नाही, सगळं टीमचं" म्हणावं अशी सगळ्यांची अपेक्षा. का म्हणावं? दुसरा गोल त्यानं डाव्या पायानं वळून मारला. तो पाय दोन वर्षांपूर्वी त्याला नुसता उभं राहण्यापुरता होता. पावसाळाभर भिंतीवर बॉल मारून मारून त्यानं तो तयार केला. त्याचं आहे ते त्यानं छाती काढून घ्यावं. मला खोट्या नम्रतेचा फार कंटाळा येतो रे.

मंगळवारी मी पोरांना दोन जुन्या गोष्टी सांगितल्या. पहिली त्यांना तोंडपाठ आहे, १९६२ची जकार्ता. आपल्या भारताच्या टीमचे कोच रहीम साहेब, हैदराबादचे, पेशानं शिक्षक. जर्नेलसिंग मूळचा बॅक. डोक्याला टाके पडलेले असताना त्याला त्यांनी पुढे सेंटर फॉरवर्डला खेळवलं. सेमीफायनलला त्याचा गोल, फायनलला कोरियाविरुद्ध पी. के. बॅनर्जींचा एक आणि त्याचा एक. २-१, एशियाडचं सुवर्ण. साहेबांना तेव्हा कॅन्सर होता, पुढच्याच वर्षी गेले. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल. या वेळी सांगताना पहिल्यांदाच मनात आलं, की त्या ड्रेसिंग रूममध्ये आणखी कोण कोण काय काय बोललं असेल, त्याची नोंद कोणी ठेवली?

दुसरी त्यांना माहीत नव्हती. १९६६चा वर्ल्ड कप इंग्लंडनं जिंकला. त्यांचा सगळ्यात भारी फॉरवर्ड जिमी ग्रीव्ह्ज. फ्रान्सविरुद्ध त्याची नडगी फाटली, टाके पडले. त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला आणि फायनलला त्यानं हॅट्‌ट्रिक मारली. ग्रीव्ह्ज तोवर बरा झाला होता, पण जिंकणारी टीम कशाला बदलायची? तेव्हा सामन्यात बदली खेळाडू घ्यायची सोयच नव्हती. त्यामुळे फायनलला तो कोट घालून बाहेर बसला. आणि तेव्हाचा नियम असा, की मेडल फक्त फायनल खेळलेल्या अकरा जणांना. बाकीच्यांना नाही, कोच अल्फ रॅम्सींनाही नाही. पेलेचं तेच. १९६२च्या वर्ल्ड कपला दुसऱ्याच सामन्यात तो जखमी झाला, ब्राझील जिंकलं, याला मेडल नाही. शेवटी २००७ साली फिफानं ठरवलं की १९३० ते १९७४च्या विजेत्या संघांतल्या सगळ्यांना मेडल द्यायचं. ग्रीव्ह्जच्या हातात ते पडलं २००९ला. रॅम्सी १९९९लाच वारले होते.

पोरं गप्प. सोळा नंबरनं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "त्रेचाळीस वर्षं."

तेव्हाच मी सांगून टाकलं. भाषण वगैरे केलं नाही, माझ्याच्यानं झालंही नसतं. म्हटलं, "पेपरात छापलंय ते चूक आहे. त्यांच्या बॅकच्या पोटरीचं मला दिसलं नव्हतं, याला दिसलं. मी वार्ताहराला माझं म्हणून सांगितलं." क्षणभर शांतता. मग आमचा गोली म्हणाला, "म्हणजे कोच हा आहे?" आणि सगळे फिदीफिदी हसले. आता पोरं त्याला 'सर' म्हणतात आणि मला 'मोठे सर'. तो लाजून लाल होतो, पण परवा बघितलं तर क्रेट दुसऱ्याच्या हातात होता आणि हा साइडलाइनवर हाताची घडी घालून उभा, अगदी माझ्यासारखा!

वार्ताहरालाही फोन केला. तो म्हणाला, "सर, आता ती बातमी जुनी झाली." त्याचं बरोबर आहे.

आता तुझ्याकडे येतो. त्या सोमवारी घरी आल्यावर मला काय आठवलं असेल? १९९६. आपली शाळा, सेमीफायनल, टायब्रेकर. शेवटची पेनल्टी मारायला तो उंच पोरगा आला आणि मी उजवीकडे झेप घेऊन बॉल अडवला. तिथून घरापर्यंत पोरांनी मला खांद्यावर नेलं, भद्रकालीतून मिरवत. बाबांनी सराफ बाजारातून पेढे आणून वाटले. आजही आईच्या कपाटात तो फोटो आहे.

ही गोष्ट मी आजवर कशी सांगितली, ठाऊक आहे? "मी त्याच्या टेकवलेल्या पायाकडे बघितलं. पायाचा पंजा जिकडे, बॉल तिकडे." पोरांना गोलकीपिंगचा पहिला धडा म्हणून सांगतो. वर्षानुवर्षं सांगितल्यानं मला तो पाय आता डोळ्यांसमोर दिसतोसुद्धा. पण मी त्याच्या पायाकडे बघितलंच नव्हतं, बंड्या. माझे तर डोळे मिटायच्या बेतात होते. तू जाळीच्या मागे उभा होतास, राखीव गोली म्हणून. तो पोरगा तुमच्या तिवंध्याच्या बोळातला, रोज संध्याकाळी वाड्याच्या भिंतीवर एकाच बाजूला बॉल मारत बसायचा, हे तुला माहीत. तू दबक्या आवाजात म्हणालास, "तुझ्या उजवीकडं. तो दुसरीकडं मारूच शकत नाही." मी उडी मारली ती तुझ्या शब्दावर.

फोटो मोबाइलवर पुन्हा मोठा करून बघितला. मी खांद्यावर, तोंड उघडं, दोन्ही हात वर. आणि डाव्या कडेला, अर्धा कापला गेलेला तू. तुझ्या हातात माझ्या चपला. स्लीपरचा एक अंगठा तुटलेला, तो तू दुसऱ्या हातानं धरलायस, पडू नये म्हणून. इतकी वर्षं तो फोटो बघतोय, चपला पहिल्यांदा दिसल्या.

तू कधी बोलला नाहीस. का नाही बोललास रे? विसरलास म्हणशील तर मी विश्वास ठेवणार नाही. तुला अजून दहावीच्या भूमितीच्या पेपरातली प्रमेयं आठवतात.

असो. पोरांना पेनल्टीची गोष्ट आता दुरुस्त करून सांगितली. एकानं विचारलं, "मग सर, पाय बघायचा की नाही?" म्हटलं, पाय बघायचाच, आणि मागे कोण उभं आहे तेही बघायचं.

आणखी एक. कप आम्ही शोकेसमध्ये ठेवलेला नाही. पाच-पाच दिवस एकेकाच्या घरी जातो. वहीत क्रम लावलाय. पहिला नंबर सोळाचा, दुसरा आठ नंबरचा, नऊ नंबर अकरावा आहे आणि कुरकुरतोय. अठरा पोरं झाली की मैदानावर पाणी मारणारे काका. सध्या कप पंचवटीत सोळा नंबरच्या घरी आहे. त्याच्या आजीनं तो देव्हाऱ्याशेजारी ठेवून हळदकुंकू वाहिलंय, आणि आत दोन मुठी तांदूळ घातलेत, रिकामा बरा दिसत नाही म्हणून. एक कान थोडा डुगडुगतो, तेवढं सांभाळायला सांगितलंय.

काकांच्या पुढे मी तुझं नाव घातलंय, मे महिन्याचा पहिला आठवडा. वहिनींना आणि पोरीला घेऊन ये. येताना मोठी पिशवी आण, तो कप हातात धरून रेल्वेत बसलास तर लोक ऑटोग्राफ मागतील. मिसळ माझ्याकडून. आणि आलास की आधी आईकडे जाऊ, तिला फोटोतला तू दाखवायचायस.

तुझा,
गोली