पिशवी उघडून बघितलीत, त्याबद्दल

मॅडम,

स. न. वि. वि.

आभाराचं पत्र खरं तर खासगीत पाठवतात. पण ओढ्यात सापडलेला एक दात आणि दोन दगड पिशवीत घालून तुमच्याआधी मी ज्यांचे उंबरे झिजवले त्यांच्याही नजरेस हे पडावं, म्हणून उघड लिहितोय. राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगतो.

एका जाणकारांनी पिशवीची गाठही न सोडता ‘दगड आहेत, टाकून द्या’ म्हटलं. दुसऱ्यांनी थेट विचारलं, ‘विकायचेत का?’ तिसरीकडे ‘कळवू’ म्हणाले. अजून कळवतायत.

तुमचा पहिला प्रश्न होता, ‘ओढ्याच्या कुठल्या वळणावर?’ तिथेच मी निम्मा जिंकलो. पूर ओसरला की वाहत आलेले गोटे वळणाच्या आतल्या अंगाला साचतात. तिथली वस्तू कुठून आली, कोण सांगणार? पण काठाच्या कापात, मातीच्या थरात रुतलेली वस्तू मिळाली, तर तो थरही बोलतो. म्हणून मी वस्तू जागेवर असतानाच, मापासाठी नाणं शेजारी ठेवून फोटो काढले होते. ते कुणी पाहिलेच नव्हते. तुम्ही एकेक मोठा करून पाहिलात.

दाताचं तुम्ही चटकन सांगितलंत: चावायच्या बाजूला चंद्रकोरीसारख्या कडा, म्हणजे रवंथ करणारं जनावर. तो काळा पडलाय म्हणून फार जुना, असं मात्र म्हणू दिलं नाहीत. रंग मातीतून लवकरही चढतो, म्हणालात. मग दगडांपैकी एक, तो छिलका, म्हणजे घाव घालून दगडातून उडवलेला टवका, दिव्याखाली तिरपा धरलात आणि घाव बसला तिथला फुगवटा, त्यापासून पसरत गेलेली वलयं नखाने दाखवलीत. कुणाच्या तरी हाताचा घाव! मला बोलायला सुचेना.

पण खरं मनात राहिलं ते दुसऱ्या दगडाचं. माझा सगळ्यात लाडका तोच, आणि तो नुसता दगड निघाला. पाण्यात आपटून टवके कुठूनही कसेही उडतात, माणूस घाव घालतो ते धारेच्या कडेने, एकाशेजारी एक. हे तुम्ही दोन्ही दगड जवळजवळ धरून समजावलंत. मग तो बाजूला सारला नाहीत. छिलका जसा कापसावर ठेवला होतात, तसाच जपून तो माझ्या तळहातावर परत ठेवलात. ‘नाही’ असंही सांगता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

फ्रान्समध्ये सोम नदीच्या गाळात बुशे द पेर्त या गृहस्थांना दगडी हत्यारं सापडली, तेव्हा विद्वानांनी वर्षानुवर्षं हसण्यावारी नेलं. १८५९ मध्ये प्रेस्टविच आणि इव्हान्स हे इंग्रज अभ्यासक तिथे जाऊन थरात रुतलेली हातकुऱ्हाड डोळ्यांनी बघून आले, तेव्हा कुठे वारं फिरलं. माझा छिलका त्या तोलाचा नाही, ठाऊक आहे. पण जाऊन बघणारी माणसं तेव्हाही कमीच होती आणि आजही खुर्चीतून निकाल देणारेच जास्त. तुमच्यासारखी माणसं शिकून होतात की मुळातच तशी असतात, देव जाणे.

दात आणि छिलका तुमच्याकडेच राहू द्या. त्यांच्या चिठ्ठीवर जागेसोबत सापडवणाऱ्याचं, म्हणजे माझं, नाव घातलंत, घरच्यांना त्या चिठ्ठीचा फोटो दाखवून झालाय. आणि हो, परवाच्या पावसात पलीकडचा काठ ढासळलाय. कापात हाडासारखं काहीतरी डोकावतंय. मी हात लावलेला नाही. सवड काढून याल का?

आपला,
ओढ्यातला