निगेटिव्ह रक्तगट: लग्नाआधी बघता, गर्भपातानंतर का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या नात्यातल्या एका मुलीचं जवळजवळ ठरलेलं लग्न गेल्या महिन्यात मोडलं. पत्रिका जुळली होती, मुलगी पसंत होती. मग परिचयपत्रकातल्या 'ए निगेटिव्ह'वर कुणाची तरी नजर गेली आणि 'पुढे मुलंबाळं होताना अडचण नको' असा निरोप आला. ती मुलगी मला विचारते, "मावशी, मला मूल होणारच नाही का?" माझं नोकरीचं आयुष्य ग्रामीण भागातल्या सरकारी दवाखान्यांच्या प्रसूतिकक्षात गेलं. हा प्रश्न तेव्हाही कानावर यायचा. आजही तो विचारला जातो याचं फार वाईट वाटतं, म्हणून हे पत्र.

होतं. निगेटिव्ह बाईला मूल होतं, दोन होतात, तीन होतात आणि ती धडधाकट असतात. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जण आरएच निगेटिव्ह असतात (त्यांच्या तांबड्या पेशींवर आरएच-डी हे प्रथिन नसतं), म्हणजे प्रत्येक गावात अशा आया आहेतच. नवराही निगेटिव्ह असेल तर बाळ निगेटिव्हच होतं आणि प्रश्न मिटतो. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तेव्हाच काळजी घ्यायची. बाळंतपणात वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. आईच्या शरीराला ते परकं वाटतं आणि ते त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिलं बाळ तोवर जन्मलेलं असतं, म्हणून ते सहसा वाचतं. पुढच्या खेपेला हीच प्रतिपिंडं वारेतून पलीकडे जाऊन पोटातल्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात.

यावर १९६८पासून जगात औषध आहे: अँटी-डी इंजेक्शन. आईच्या शरीराला सुगावा लागण्याआधीच ते बाळाच्या पेशी निकामी करून टाकतं. सातव्या महिन्यात, म्हणजे २८व्या आठवड्याला एक आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. ही दोन्ही वेळेवर मिळाली तर हजारातल्या एखाद-दुसऱ्या बाईतच प्रतिपिंडं तयार होतात. पण एकदा ती तयार झाली की मग कितीही इंजेक्शनं द्या, उपयोग शून्य. हे इंजेक्शन मुळात माणसांनी दिलेल्या रक्तद्रवातूनच बनवलं जातं. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी ८१व्या वर्षापर्यंत अकराशेहून अधिक वेळा रक्तद्रव दिला. फेब्रुवारी २०२५मध्ये ते गेले. त्या माणसाला मी मनातल्या मनात कितीदा तरी हात जोडले आहेत.

आता माझ्या खऱ्या तळमळीचा मुद्दा. बाळंतपणानंतर इंजेक्शन द्यायचं हे आता बहुतेकांना माहीत आहे. गर्भ पडतानाही बाळाचं रक्त आईच्या रक्तात जाऊ शकतं, पण तेव्हा मात्र ते विसरलं जातं.

सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली बाई आमच्याकडे कळा सुरू झाल्यावरच आली. रक्तगट बी निगेटिव्ह. कार्डावर 'दुसरी खेप' लिहिलेलं, पण घरी मूल नाही. विचारलं तेव्हा सासू म्हणाली, आधीचं चौथ्या महिन्यात पडलं, तालुक्याला खासगीत गर्भपिशवी साफ करून सुनेला संध्याकाळी घरी आणली. तिथलं डिस्चार्ज कार्ड तिने पिशवीतून काढून दाखवलं. वर कोपऱ्यात निळ्या शाईत रक्तगट लिहिला होता आणि खाली औषधांत होत्या अँटिबायोटिक, लोहाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या. अँटी-डीचं नाव कुठेच नव्हतं. या खेपेलाही आयसीटी, म्हणजे आईच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत का याची तपासणी, कुणी केली नव्हती.

बाळ जन्मलं तेच पांढरंफटक. नाळेचं रक्त घेऊन टाइलवर तीन थेंब टाकले, अँटी-डीच्या (रक्तगट तपासायच्या द्रावणाच्या) थेंबात लगेच गुठळ्या धरल्या: बाळ पॉझिटिव्ह. संध्याकाळपर्यंत त्याच्या अंगावर हळद चढावी तसा पिवळेपणा छातीपर्यंत उतरला. पहिल्या चोवीस तासांतली कावीळ कधीच साधी नसते. रात्रीच ॲम्ब्युलन्सने शहरात नेलं, सोबत मी गेले. तिथे बाळाचं रक्त बदललं. नाळेच्या शिरेतून थोडं थोडं काढायचं, तेवढंच दुसरं घालायचं, दीड-दोन तास. पोर वाचलं, पण त्याला ऐकायला कमी येतं. कावीळ मेंदूपर्यंत पोचली की असं होतं. त्या बाईचं पुढचं मूल सातव्या महिन्यात अंगाला पाणी होऊन पोटातच गेलं. पहिल्या खेपेला चौथ्या महिन्यात गर्भ पडला तेव्हाच एक इंजेक्शन मिळालं असतं तर बहुधा यातलं काहीच घडलं नसतं.

बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपाताला अँटी-डी देण्याची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये सांगितलं आहे. आपल्याकडे अनेक डॉक्टर तेव्हाही लहान डोस देतात. तो निर्णय त्यांचा. पण बारा आठवड्यांनंतर गर्भ पडला किंवा पाडला, किंवा दिवस भरत आलेली बाई गाडीवरून पडून पोटाला मार लागला, तर तिथे दुमत नाही. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून घरीच उरकणाऱ्यांना आपण नेमके कितव्या आठवड्यात आहोत हेही ठाऊक नसतं. त्यांचा रक्तगट कोण बघणार?

दुसरी अडचण औषध मिळण्याची. हे इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, दोन-तीन हजारांना मिळतं आणि तालुक्याच्या दुकानात हमखास असेलच असं नाही. शनिवारी रात्री बाळंत झालेल्या बाईचा नवरा चिठ्ठी घेऊन मोटरसायकलवर जिल्ह्याला जातो आणि बर्फाच्या थर्मासमधून ते घेऊन येतो, हे मी पाहिलं आहे. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११पासून सरकारी दवाखान्यातल्या बाळंतिणीला औषधं मोफत मिळायला हवीत. मग ही चिठ्ठी नवऱ्याच्या हातात का पडते? (आणि ७२ तास उलटले म्हणून नाद सोडू नये. उशिरा दिल्यानेही थोडाफार फायदा होतो.)

आरोग्य खात्याला माझी विनंती अशी. माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानावर निगेटिव्ह गट लाल शाईत लिहावा आणि त्या बाईची आयसीटी पहिल्याच भेटीत व्हावी. डिस्चार्ज कार्डावर, मग ते बाळंतपणाचं असो की गर्भपाताचं, सरकारी असो की खासगी, 'अँटी-डी दिले का, तारीख, वेळ' अशी छापील ओळ असावी. ती रिकामी दिसली तर सासूसुद्धा विचारेल. आणि ऑक्सिटोसिन (बाळंतपणातला रक्तस्राव आवरणारं औषध) ठेवतात त्याच फ्रीजमध्ये प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाने अँटी-डीच्या दोन बाटल्या कायम ठेवाव्यात, एक वापरली की त्याच दिवशी दुसरी मागवावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, कराड