दोघांनी मिळून वाचा

कोथरूड, पुणे

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही म्हणालात, "आईला यातलं काही कळू देऊ नकोस." आणि आई मला म्हणते, "यांना झेपणार नाही, मला एकटीला खरं काय ते सांग." म्हणून हे पत्र दोघांच्या नावाने.

आई, मेंदू आणि मज्जारज्जूभोवती पातळ आवरणं असतात, त्यांच्यामधून पाणी फिरत असतं. फुफ्फुसातल्या कॅन्सरच्या पेशी त्या पाण्यात पोचल्यात. गाठ अशी नाही, त्यामुळे ऑपरेशन करून काढण्यासारखं काही नाही. पेपर वाचताना तू एक डोळा तळहाताने झाकायचीस, कारण एकेक ओळ दोनदा दिसायची. तो चष्म्याचा नंबर नव्हता, डोळा फिरवणाऱ्या नसेला त्रास होत होता. पाठीतलं पाणी पहिल्यांदा तपासलं तेव्हा काही सापडलं नाही, दुसऱ्यांदा सापडलं. या आजारात असं बऱ्याचदा होतं.

उपचार घेतले नाहीत तर साधारण 4 ते 6 आठवडे. घेतले तरी बहुतेकांना काही महिनेच मिळतात. पण तुझ्या रिपोर्टमध्ये ईजीएफआर म्युटेशन, म्हणजे कॅन्सरच्या पेशींच्या एका जनुकातला बदल आहे आणि त्यावर चालणारी ऑसिमर्टिनिब गोळी आधीच्या गोळीपेक्षा मेंदूपर्यंत जास्त चांगली पोचते. 2020 साली छापून आलेल्या एका अभ्यासात, जुन्या गोळ्या चालेनाशा झालेल्या अशाच 41 रुग्णांना ती दुप्पट डोसमध्ये दिली होती. त्यातले निम्मे साधारण 11 महिने किंवा त्याहून जास्त जगले. आजार यातून पूर्ण बरा होत नाही. बाबा, हे वाक्य मी मुद्दाम आईसमोर लिहितेय.

गोळीने भागलं नाही तर डोक्याच्या कातडीखाली ओमाया नावाची छोटी डबी बसवून औषध थेट त्या पाण्यात सोडता येतं, दर वेळी पाठीत सुई टोचावी लागत नाही. पाठ फार ठणकली तर तेवढ्याच भागाला रेडिएशन.

गोळी घ्यावीस असं मला मनापासून वाटतं, आई. डबीचं मात्र तू ठरव. नको म्हणालीस तर दुखणं, उलट्या आटोक्यात ठेवणारे डॉक्टर आहेत, आपण त्यांच्याकडे जाऊ.

गुरुवारी स्वारगेटला घ्यायला येते. डॉक्टरांच्या केबिनमध्ये तिघंही जायचं, आईला बाहेर बसवायचं नाही. आणि बाबा, डेक्सामेथासोन, म्हणजे सूज कमी करणारं स्टेरॉइड, नाश्त्यानंतरच द्या, बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करू नका.

तुमची,
मनू